बेस गेला कुठे? नावाजलेल्या रॉक अल्बमांचा आवाज नेमका कुठे बिघडतो

मेटॅलिका या बँडच्या '...अँड जस्टिस फॉर ऑल' या अल्बमवर वाजवणारे चौघं आहेत, ऐकू मात्र तिघंच येतात. १९८८ चा हा अल्बम. हेवी मेटलच्या कुठल्याही यादीत वरच्या रांगेत बसणारा, एकट्या अमेरिकेत ८० लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळवलेला. त्यातलं 'वन' हे गाणं रॉकशी फारसं देणंघेणं नसलेल्यांनीही कुठेतरी ऐकलेलं असतं. पण त्यात जेसन न्यूस्टेडचा बेस गिटार, म्हणजे खर्जातले स्वर वाजवणारी गिटार, शोधायला बसलात, तर पासष्ट मिनिटं संपतील आणि हाती काही लागणार नाही. आपल्याकडे त्या काळी कॅसेटवरून कॅसेट उतरवून ऐकायची रीत होती, त्यामुळे बेस नाही म्हणजे आपलीच प्रत भिकार, असा समज व्हायचा. पण दुकानातून आणलेल्या कोऱ्या प्रतीतही तो नव्हताच.

रॉकमध्ये असे अल्बम बरेच आहेत. गाणी पहिल्या प्रतीची, वादन चोख, आणि आवाज असा की दोन गाण्यांनंतर डोकं दुखावं किंवा सगळं गोधडीखालून येतंय असं वाटावं. चाहते 'प्रॉडक्शन खराब' म्हणून मोकळे होतात. पण त्या दोन शब्दांत अगदी वेगवेगळे बिघाड एकत्र कोंबलेले असतात. बिघाड कुठल्या टप्प्यावर झाला, यावर तो कधी दुरुस्त होईल की नाही हे ठरतं. म्हणून आधी ते टप्पे पाहू.

पहिला टप्पा रेकॉर्डिंगचा. स्टुडिओत प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक गळा शक्यतो वेगळ्या ट्रॅकवर टिपतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला टेपवर असे १६ ट्रॅक मावायचे, मग २४ झाले, आता संगणकावर हवे तितके. दुसरा टप्पा मिक्सिंगचा. हे सुटे ट्रॅक एकत्र करून डावा आणि उजवा अशा दोन वाहिन्यांत आणायचे. कोण पुढे, कोण मागे, गिटार कुठल्या बाजूला, गायकाच्या आवाजाला घुमारा किती, हे सगळं इथे ठरतं. तिसरा टप्पा मास्टरिंगचा. तयार झालेलं दोन वाहिन्यांचं गाणं घेऊन त्याचा एकूण पोत आणि एकूण जोर ठरवायचा, सगळी गाणी एकमेकांशी जुळवायची आणि एलपी, सीडी किंवा स्ट्रीमिंगसाठी शेवटची प्रत काढायची.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मास्टरिंग करणाऱ्याच्या हाती सुटा बेस नसतो. त्याने खर्जातले स्वर उचलले तर बेसबरोबर किक ड्रमही (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) वाढतो आणि गिटारचा घोगरा भागही. म्हणजे मिक्समध्ये जे राहिलं ते पुढे कुणालाच मिळत नाही. आणि रेकॉर्डिंगमध्येच जे फाटलं ते मिक्स करणाऱ्यालाही फाटकंच मिळतं.

तर 'जस्टिस'चा बेस दुसऱ्या टप्प्यावर गेला. कसा गेला, ही गोष्ट यंत्रांची कमी आणि माणसांची जास्त आहे.

सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनच्या दौऱ्यावर बँडची बस उलटली आणि बेसवादक क्लिफ बर्टन गेला. वय २४. बर्टन म्हणजे मागे उभं राहून साथ करणारा बेसवादक नव्हे. त्याच वर्षीच्या 'मास्टर ऑफ पपेट्स' अल्बममधलं 'ओरायन' ऐका, त्यात बेस पुढे येऊन स्वतःची सुरावट मांडतो. त्याच्या जागी न्यूस्टेड आला. या नव्या गड्याला उरलेल्या तिघांनी बराच छळलं, हे त्यांनीच पुढे मान्य केलं आहे. लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत अल्बमचं काम सुरू झालं तेव्हा न्यूस्टेडने आपले भाग सहायक इंजिनिअर टोबी राइटला घेऊन एकट्यानेच वाजवले. बँडमधलं दुसरं कुणी काचेपलीकडे बसलेलं नव्हतं. त्यामुळे तो काय वाजवतोय, गिटारशी कुठे टक्कर होतेय, हे सांगायलाही कुणी नव्हतं. बहुतेक ठिकाणी त्याने गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डची गिटारच जशीच्या तशी खालच्या सप्तकात वाजवली.

मग मिक्सिंग. ते न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिल स्टुडिओत स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बिएरो या जोडीने केलं. बँड त्या वेळी व्हॅन हेलनबरोबर 'मॉन्स्टर्स ऑफ रॉक' या स्टेडियमांच्या दौऱ्यावर होता. दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात हेटफिल्ड आणि ड्रमर लार्स उल्रिक विमानाने यायचे, मिक्सिंगला बसायचे, परत जायचे. रंगमंचावर ड्रम आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या भिंतींपुढे वाजवून आल्यावर कान तात्पुरते बधिर होतात, आणि त्यातही सगळ्यात आधी बोथट होतो तो वरच्या पट्टीतला, साधारण ३ ते ६ हजार हर्ट्झचा भाग. असा थकलेला कान मिक्समध्ये काय मागणार? झांजांचा छणकार, गिटारची तार छेडणाऱ्या पिकचा खरखरीतपणा, किक ड्रमचा टकटकाट. म्हणजे आणखी वरचे स्वर. अल्बममध्ये नेमकं तेच भरपूर आहे.

थॉम्पसनने नंतर मुलाखतींत सांगितलंय ते असं: उल्रिकने बेस जेमतेम ऐकू येईल इतका खाली आणायला लावला, आणि तसा आणल्यावर आणखी काही डेसिबल खाली घ्यायला सांगितला. निर्माता फ्लेमिंग रासमुसेनचं म्हणणं, मूळ टेपवरचा बेस उत्तम आहे. हेटफिल्डने थकलेल्या कानांकडे बोट दाखवलंय. कुणाच्या मनात बर्टनचं दुःख होतं, कुणाच्या मनात नव्या माणसावरचा राग, हे बाहेरच्याने ठरवू नये. पण बटण कुणाच्या सांगण्यावरून फिरलं, याबद्दल फारसा वाद राहिलेला नाही.

यातली एक तांत्रिक बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. गिटारची सगळ्यात खर्जातली मोकळी तार ८२ हर्ट्झवर वाजते, बेसची ४१ वर. बेस जर गिटारचीच चाल बरोबर एक सप्तक खाली वाजवत असेल, तर आपला मेंदू त्यांना दोन वाद्यं म्हणून वेगळं करत नाही, एकच जाडजूड वाद्य म्हणून ऐकतो. शिवाय हेटफिल्डने गिटारचे मधले स्वर कापून खालचे आणि वरचे फुगवले होते. म्हणजे बेसला उभं राहायला जी जागा लागते ती गिटारने आधीच व्यापलेली. अशा वेळी बेस खाली घेतला तरी 'बेस गेला' असं पटकन जाणवत नाही, गिटारच थोडी हडकल्यासारखी वाटते. थकल्या कानाला तेवढंही कळत नाही. 'ब्लॅकन्ड' हे पहिलंच गाणं चांगल्या हेडफोनवर लावा आणि किक ड्रमकडे लक्ष द्या. पायाचा फटका कातड्यावर बसल्याची 'टक्' स्पष्ट येते, पण त्या फटक्याने छातीत जी धडक बसायला हवी ती येत नाही. खालचा मजला रिकामाच आहे.

माझं मत विचाराल तर हा आवाज चुकीचा आहे आणि तरीही त्या गाण्यांना शोभतो. युद्ध, विकलेली न्यायव्यवस्था, हातपाय गमावलेला सैनिक असे विषय, आणि आवाज कोरडा, थंड, घुमारा नसलेला. हेटफिल्डचा सूरही काहीसा असाच आहे. बेस थोडा जास्त असता तर बरं झालं असतं, पण जे आहे तो आमच्या इतिहासाचा भाग आहे, असं त्याचं म्हणणं. म्हणून २०१८ ची नवी आवृत्ती निघाली तेव्हाही मिक्सला हात लावला नाही, फक्त रिमास्टर केलं, म्हणजे तिसरा टप्पा तेवढा नव्याने केला. चाहत्यांनी मात्र वाट पाहिली नाही. गिटारच्या व्हिडिओ गेममधून सुटे ट्रॅक बाहेर आल्यावर अनेकांनी घरबसल्या बेस वाढवलेली 'जस्टिस' तयार केली. न्यूस्टेड काय वाजवू शकत होता हे अधिकृतपणे ऐकायचं असेल तर १९९१ चा पुढचा अल्बम घ्या. निर्माता बॉब रॉक होता, आणि 'माय फ्रेंड ऑफ मिझरी' सुरूच होतं ते बेसने.

पहिल्या टप्प्यावरचे बिघाड वेगळे. त्यात बरेचदा कुणाचा हट्ट नसतो, खोली किंवा यंत्र दगा देतं.

जेथ्रो टल या ब्रिटिश बँडचा 'अ‍ॅक्वालंग' १९७१ चा. लंडनच्या बेसिंग स्ट्रीटवर आयलंड या रेकॉर्ड कंपनीने एका जुन्या चर्चमध्ये नवाकोरा स्टुडिओ थाटला होता. दोन खोल्या होत्या. लहान आणि ऊबदार आवाजाची खोली लेड झेपलिनने धरली होती, तिथे त्यांच्या चौथ्या अल्बमचं काम चालू होतं. जेथ्रो टलच्या वाट्याला आली मोठी, गार, घुमणारी खोली. खोलीचा घुमारा माइकमध्ये एकदा शिरला की वाद्यापासून तो वेगळा काढता येत नाही, कारण माइकच्या दृष्टीने वाद्य आणि त्याचा भिंतीवरून परतलेला आवाज ही एकच लहर असते. अल्बम गाजला, पण गढूळ आवाजाची कुरकुर चाळीस वर्षं चालू राहिली. २०११ मध्ये संगीतकार स्टीव्हन विल्सनने मूळ ट्रॅकवरून नवा मिक्स केला आणि बराच गाळ बाजूला काढला. (जाता जाता: १९८९ मध्ये हार्ड रॉक आणि मेटल यांचं पहिलंच ग्रॅमी दिलं गेलं तेव्हा 'जस्टिस' स्पर्धेत होता. बक्षीस जेथ्रो टलला मिळालं. मेटलवाले ते अजून विसरलेले नाहीत.)

स्टीली डॅन या अमेरिकी बँडच्या 'केटी लाइड'ची गोष्ट जास्त क्रूर आहे. साल १९७५. डोनाल्ड फेगन आणि वॉल्टर बेकर हे दोघं आवाजाच्या बाबतीत अतिशय चिकित्सक. त्यांचा इंजिनिअर रॉजर निकल्स, ज्याला पुढे 'एजा' अल्बमसाठी ग्रॅमी मिळालं. म्हणजे कौशल्याची कमतरता हा मुद्दाच नव्हता. घोळ झाला तो डीबीएक्स नावाच्या यंत्रणेत. टेपवर कायम एक सळसळ असते. ती लपवायला हे यंत्र ध्वनी टेपवर जाताना त्याची चढउतार निम्म्यावर आणतं आणि वाजवताना तितक्याच पटीत परत ताणतं. त्या ताणण्यात सळसळ खाली दबून जाते. युक्ती छान आहे, पण दाबणं आणि ताणणं तंतोतंत जुळलं तरच. 'केटी लाइड'च्या वेळी ते जुळलं नाही. स्टुडिओत झगझगीत वाटलेलं काम परत वाजवल्यावर मलूल येऊ लागलं. दुरुस्तीचे प्रयत्न झाले, मूळची चमक पूर्ण आली नाही. बेकर आणि फेगन यांनी तयार अल्बम ऐकायलाच नकार दिला, असं सांगतात. आज तो ऐकताना बहुतेकांना काही खटकत नाही, उलट छानच वाटतो. पण आधीचं काय होतं ते ज्यांनी ऐकलं होतं, त्यांची गोष्ट वेगळी.

आता तिसरा टप्पा, आणि गेल्या तीस वर्षांतला सगळ्यात मोठा रोग: सगळं एकसारखं मोठ्याने वाजवायची शर्यत.

तिचं मूळ आपल्या कानात आहे. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि फार वरचे स्वर कमी ऐकू येतात. तेच गाणं मोठ्याने लावलं की ते नुसतं मोठं होत नाही, भरीव वाटू लागतं. त्यामुळे एकच गाणं दोन पातळ्यांवर लागोपाठ ऐकवलं तर लोक सहसा मोठ्यालाच चांगलं म्हणतात. रेकॉर्ड कंपन्यांना हे ज्यूकबॉक्सच्या काळापासून ठाऊक होतं. पण एलपीवर हात बांधलेले होते. आवाज वाढवला की खाच रुंद होते, मिनिटं कमी बसतात, फारच वाढवला तर सुई उडते.

१९८२ मध्ये सीडी आली. तिथे सुई नाही, खाच नाही, आहेत ते आकडे. दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीची उंची मोजून लिहायची, आणि त्या उंचीला एक पक्की कमाल मर्यादा. तिच्यावर एक कणभरही जाता येत नाही. जुन्या घरांतल्या पोटमाळ्याची कल्पना करा. लहान मुलं तिथे आरामात वावरतात, उंच माणसाला मात्र वाकावं लागतं, नाहीतर डोकं आपटतं. गाण्यात ड्रमचा फटका हा तो उंच माणूस, आणि बाकीचं संगीत म्हणजे मुलं. सुरुवातीच्या सीडींवर उंच माणसाच्या डोक्यावरही जागा ठेवलेली असायची. मग कुणाच्या तरी मनात आलं की मुलांना पाटावर उभं करून आणखी वर चढवू. त्यासाठी उंच माणसाला दाबणं भाग होतं. हे दाबण्याचं काम लिमिटर करतो. १९९४ मध्ये वेव्हज कंपनीचा एल१ हा संगणकावर चालणारा लिमिटर आला, फटका येण्याआधीच तो ओळखून दाबून ठेवणारा, आणि हे सगळं फार सोपं झालं.

थोडं दाबलं तर गाणं घट्ट होतं, ते वाईट नाही. फार दाबलं की दोन गोष्टी होतात. एक, ड्रमचा फटका आणि त्याच्या मागचं संगीत एकाच उंचीवर येतं, त्यामुळे फटका फटका राहत नाही. दोन, मर्यादेपलीकडे जाणाऱ्या लहरींचे माथे सरळ छाटले जातात. गोल माथा सपाट झाला की त्यात मुळात नसलेले कर्कश स्वर तयार होतात, आणि ते करकर म्हणून ऐकू येतात. रेड हॉट चिली पेपर्सचा १९९९ चा 'कॅलिफोर्निकेशन' हा याचा नमुना. विरळ, मोकळी, जवळजवळ नाजूक गाणी, आणि त्यांच्यावर सतत एक खरखर. बँडच्या वादनात जी हवा खेळती आहे ती सीडीने कोंडून टाकली.

पण जाहीर तमाशा झाला तो २००८ च्या सप्टेंबरमध्ये, मेटॅलिकाच्याच 'डेथ मॅग्नेटिक'वर. एकाच बँडचं नाव या लेखात दुसऱ्यांदा यावं यात माझा दोष नाही. रिक रुबिन निर्माता, आणि वीस वर्षांत बँडचा सगळ्यात दमदार अल्बम, असं पुष्कळांचं मत. सीडी लावली की ड्रम जिथे जोरात येतात तिथे स्पीकर फाटल्यासारखा आवाज. लोकांनी आधी आपले स्पीकर तपासले. मग एक अजब गोष्ट उघडी पडली. हाच अल्बम 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेमसाठीही त्याच सुमारास निघाला होता, आणि गेममधली गाणी स्वच्छ होती. कारण साधं आहे. गेममध्ये खेळणारा चुकला की फक्त गिटार बंद पडायला हवी, म्हणून गेम बनवणाऱ्यांना गिटार, बेस, ड्रम वेगवेगळे द्यावे लागतात. शेवटचा लिमिटर तर सगळं एकत्र झाल्यावर लागतो. म्हणजे गेमकडे न दाबलेलं संगीत गेलं.

मास्टरिंग इंजिनिअर इयन शेफर्ड याने दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं: सीडी सुमारे १० डेसिबलने मोठी. १० डेसिबल म्हणजे कानाला जवळपास दुप्पट आवाज. फटक्याची उंची आणि सरासरी पातळी यांतला फरक मोजायची एक पद्धत आहे, तिच्यात सीडीला आकडा मिळाला ३ (आकडा जितका लहान, तितका आवाज सपाट). गाण्याचा आवाज नव्याने करून द्या, अशा अर्जावर चाहत्यांच्या हजारो सह्या झाल्या. उल्रिकने आवाजाची बाजू घेतली. गंमत म्हणजे मास्टरिंग ज्याच्या नावावर होतं तो टेड जेन्सन, स्टर्लिंग साउंडमधला मुरलेला माणूस, त्याने एका चाहत्याला कळवलं की मिक्स आपल्याकडे आले तेच दाबून सपाट झालेले होते. म्हणजे लोक तिसऱ्या टप्प्याला शिव्या देत होते आणि घाव दुसऱ्यावर पडला होता. वेगळे, कमी दाबलेले ट्रॅक गेममुळे जगापुढे आले नसते तर हे बाहेर कळणंही कठीण होतं.

टप्पा ओळखणं का महत्त्वाचं, ते रश या कॅनडाच्या त्रिकुटाकडे पाहून कळतं. त्यांचा ड्रमर नील पर्टने १९९७ च्या ऑगस्टमध्ये मुलगी गमावली आणि वर्षाच्या आत पत्नी. बँड संपल्यातच जमा होता. २००२ मध्ये ते परतले, 'व्हेपर ट्रेल्स' घेऊन. पहिल्याच गाण्याची पहिलीच गोष्ट म्हणजे पर्टचे ड्रम. इतक्या वर्षांनी तो वाजवतोय, चाहत्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि ऐकू येते ती करकर. गायक गेडी लीचा गळा गिटारींच्या भिंतीत चिणलेला. रिप रोवन या ध्वनी-इंजिनिअरने त्याच वर्षी रशच्या एकेका सीडीची लहर-चित्रं ओळीने मांडून दाखवली. जुन्या सीडींवर काटेरी शिखरं दिसतात, 'व्हेपर ट्रेल्स'वर विटेसारखा सलग ठोकळा.

इथे रिमास्टर करून भागलं नसतं. फाटणं आणि दाबणं मास्टरिंगच्या आधीच शिरलं होतं, त्यामुळे तयार मिक्स कितीही हळू केला तरी फाटलेलं फाटलेलंच राहणार. सुट्या ट्रॅकपर्यंत मागे जाणं हाच इलाज होता. आधी एका संग्रहासाठी दोन गाणी नव्याने मिक्स करून पाहिली, लोकांना ती आवडली, आणि २०१३ मध्ये डेव्हिड बॉट्रिलने अख्खा अल्बम रिमिक्स केला. नव्या आवृत्तीत 'अर्थशाइन' लावलं तर गिटारींच्या मधल्या फटी दिसू लागतात आणि बेस आपल्या पायांवर उभा राहतो. जे रेकॉर्डिंगमध्येच कर्कश झालं होतं ते थोडं उरलं आहेच. पण ही दुरुस्ती खरी दुरुस्ती आहे, नुसती रंगसफेदी नाही.

दुरुस्ती दर वेळी जमते असं नाही. स्टूजेस या बँडचा 'रॉ पॉवर' हा १९७३ चा अल्बम, पंकचा एक पूर्वज. कंपनीला बँडचा गायक इगी पॉप याचा मिक्स पसंत पडला नाही म्हणून गायक डेव्हिड बोवीला बोलावलं आणि त्याने तो हॉलिवूडमध्ये एका दिवसात उरकला. बोवीच्या सांगण्यानुसार २४ पैकी तीनच ट्रॅकवर काही होतं: एकावर सगळा बँड, एकावर मुख्य गिटार, एकावर इगीचा गळा. ड्रम आणि बेस एकाच ट्रॅकवर चिकटले असतील तर मिक्स करणारा करणार काय? त्याने गळा आणि गिटार पुढे ओढली, बाकीचा बँड मागे लटपटत राहिला. पुढची वीस-पंचवीस वर्षं लोकांनी बोवीला बोल लावले. मग १९९७ मध्ये इगीने स्वतः रिमिक्स केला आणि मुद्दाम सगळं मीटरच्या तांबड्या पट्ट्यात, म्हणजे मर्यादेपलीकडे, नेलं, इतकं की तो आजवरच्या सगळ्यात कानठळ्या बसवणाऱ्या सीडींत मोजला जातो. त्यानंतर बोवीच्या मिक्सची बाजू घेणारे अचानक वाढले.

अशा चिकटलेल्या ट्रॅकसाठी आता नवा मार्ग निघाला आहे. बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर' १९६६ मध्ये चार ट्रॅकच्या टेपवर झाला होता, ड्रम, बेस आणि गिटार बरेचदा एकाच ट्रॅकवर. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूने यंत्राला वाद्यांचा आवाज ओळखायला शिकवून एका ट्रॅकमधून ती वेगळी काढली आणि निर्माता जाइल्स मार्टिनने २०२२ मध्ये त्यावरून नवा मिक्स केला. स्टुडिओच्या माणसांना त्याच्या पाच वर्षं आधी हे सांगितलं असतं तर हसले असते.

मोठेपणाची शर्यत मात्र स्ट्रीमिंगने बरीच थंड केली. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आवाजाची जाणवणारी पातळी मोजण्याचं एक सूत्र ठरवलं. आज स्पॉटिफाय त्या सूत्राने मोजलेली साधारण उणे १४ ही पातळी धरून चालतं: त्याहून मोठं गाणं आलं की तितकं खाली घेतं. त्यामुळे दाबून मोठं केलेल्या गाण्याला काहीच फायदा उरत नाही. ते इतरांच्याच पातळीवर वाजतं, फक्त सपाट. सवय मोडायला वेळ लागतोय, बरेच निर्माते अजूनही दाबतात, पण आता ती सक्ती नाही.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर आवृत्तीच्या नावाकडे नीट पाहा. 'रिमास्टर' लिहिलं असेल तर मिक्स तोच आहे, फक्त तिसरा टप्पा नव्याने झालाय. नव्वदीनंतरच्या अनेक रिमास्टर सीडी मूळ सीडीपेक्षा जास्त दाबलेल्या आहेत, तेव्हा 'नवं ते चांगलं' हे धरून चालू नका. 'रिमिक्स' किंवा 'नवा मिक्स' लिहिलं असेल तर सुट्या ट्रॅकपर्यंत जाऊन काम झालंय. तुलना करताना दोन्ही गाणी कानाला सारख्याच जोराने वाजतील असा आवाज आधी जुळवून घ्या, नाहीतर फ्लेचर आणि मन्सन तुम्हाला फसवतील. आणि फोनच्या स्पीकरवर हा उद्योग करू नका, त्यात ८२ हर्ट्झही धड वाजत नाही, मग ४१ ची काय कथा.

सरावासाठी रिप्लेसमेंट्स या बँडचा 'टिम' घ्या. मिनिआपोलिसचा हा बँड १९८५ मध्ये पहिल्यांदा मोठ्या कंपनीकडे गेला, निर्माता होता रमोन्स या पंक बँडचा पहिला ड्रमर टॉमी अर्डेली. बँडचा गायक-गीतकार पॉल वेस्टरबर्गची आयुष्यातली सर्वोत्तम गाणी, आणि आवाज एखाद्या लांबच्या खोलीतून आल्यासारखा: ड्रम पातळ, बेस नाममात्र, सगळे मधोमध एकावर एक. २०२३ मध्ये एड स्टेसियमने मूळ टेपवरून तो नव्याने मिक्स केला. त्याच संचात जुन्या मिक्सचं नवं रिमास्टरही दिलंय, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांतला फरक एकाच ठिकाणी ऐकायला मिळतो. 'बास्टर्ड्स ऑफ यंग' आधी रिमास्टरमध्ये लावा, मग स्टेसियमच्या मिक्समध्ये. उलट क्रमाने ऐकलंत तर जुनं पूर्ण ऐकवणार नाही.